जेवणाची वेळ आणि मुलांचे वजन

मुलाच्या वजनाचा विचार करताना ताटात काय वाढले आणि किती वाढले, एवढेच सहसा पाहिले जाते. ते ताट किती वाजता समोर आले आणि आधीच्या खाण्यापासून किती तासांनी आले, हा प्रश्न मागे राहतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो मागे राहिला तरी लगेच काही बिघडत नाही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र बिघडते, आणि त्याचे कारण त्याच्या शरीराच्या मापातच आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1010 किलोकॅलरी लागतात, चार ते सहा वर्षांच्या मुलाला 1360 आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला 1700. बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज 2110 आहे. म्हणजे जेमतेम अकरा-बारा किलोच्या लेकराला बापाच्या जवळजवळ निम्मे अन्न लागते. वजनाच्या किलोमागे पाहिले तर बापाच्या अडीचपट. एवढे लागण्याचे मोठे कारण मेंदू. पाचव्या वर्षाच्या सुमारास शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. पोट मात्र लहान. दहा किलोच्या मुलाच्या जठरात एका वेळी साधारण 300 मिलिलीटर, म्हणजे दोन लहान वाट्या मावतात. त्यातली एक वाटी वरणाच्या पातळ पाण्याने भरली तर पोट भरते, पण गरज भागत नाही. म्हणूनच सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त दिवसातून दोन-तीनदा आणि नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तीन-चारदा जेवण, शिवाय भूक असेल तर एक-दोनदा मधले खाणे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षे देत आली आहे. दोन वेळच्या ताटात लहान मुलाचा दिवस बसत नाही.

दुसरे कारण रात्रीचे. झोपेत शरीर यकृतातल्या साखरेच्या साठ्यावर चालते. हा साठा मुलांमध्ये छोटा असतो आणि लवकर संपतो. संध्याकाळी सातला जेवलेले मूल सकाळी सातला उठते, तेव्हा बारा तासांचा उपवास घडलेलाच असतो. त्यानंतर नुसता चहा देऊन दहापर्यंत थांबवले, तर शरीर चरबी आणि स्नायू वापरू लागते. एखाद दिवस असे झाले तर हरकत नाही. रोज झाले तर वजनाचा काटा अडतो.

शरीराला स्वतःचे घड्याळही असते. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक पुंजका डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर ते लावतो. यकृत, स्वादुपिंड, आतडे यांचीही घड्याळे असतात, आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर लागतात. ही घड्याळे पेशीच्या आत कशी चालतात हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल मिळाले. व्यवहारात याचा अर्थ असा, की तेच अन्न सकाळी आणि रात्री उशिरा शरीर सारख्या पद्धतीने हाताळत नाही. सकाळी इन्शुलिनचा परिणाम चांगला होतो. रात्री झोपेचे संप्रेरक वाढू लागले की तो मंदावतो.

मूल कधी जेवणार हे मूल ठरवत नाही. ते घरातल्या मोठ्यांच्या कामावर ठरते. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपर्यंतच्या अहमदनगरमध्ये, हे काम बऱ्याच ठिकाणी ऊस आणि दूध या दोन गोष्टींभोवती फिरते. प्रवरेच्या पाण्यावर भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, कालवे निघाले, आणि 1950 च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हा उसाचा पट्टा झाला. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाथर्डी, जामखेड, शेवगाव, कर्जतचा कोरडा भाग आहे. दसरा-दिवाळी उरकली की तिथली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

या कुटुंबातल्या दोन-तीन वर्षांच्या लेकराचा दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई पहाटे तीन-चारला उठते, कोपीच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीच्या, बाहेरच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि उजाडायच्या आत फडात पोहोचते. मूल एक तर बांधावर झोळीत असते, नाहीतर कोपीवर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. उठल्यावर त्याला चहा मिळतो, त्यात बुडवलेले बिस्कीट किंवा भाकरीचा तुकडा. मग हाताशी उसाचे कांडे. गोड रसाने भूक मरते; पोटात प्रथिने किंवा तेल-तुपाचा अंश काहीच गेलेला नसतो. दुपारी पहाटेची भाकरी, तोवर कडक झालेली. नऊ वर्षांची बहीण ती पाण्यात किंवा कालवणात कुस्करून भरवते, मूल चार घास खाते आणि पळते. गाडी भरून आई परतते तेव्हा अंधार पडलेला असतो. पाणी आणायचे, चूल पेटवायची, भाकरी-कोरड्यास व्हायला रात्रीचे नऊ वाजतात. तोवर मूल झोपलेले असते. कारखान्याची गाडी रात्री लागली तर हे वेळापत्रकही उरत नाही.

इथे अन्न घरात नाही असे नाही. ज्वारी आहे, बाजरी आहे, कधी डाळ, कधी सुकट. दिवसातले सगळ्यात ताजे, गरम आणि पोटभर जेवण ज्या वेळी तयार होते, त्या वेळी ते खाणारे लेकरू जागे नसते, ही अडचण आहे. मोठ्या माणसांची दोन जेवणे पहाटेच्या आणि रात्रीच्या टोकांना आणि मुलाचा जागा दिवस नेमका त्यांच्या मधोमध. हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत वाढीच्या तक्त्यावरची रेघ आडवी होते किंवा खाली येते, त्यामागे आजारपण, थंडी आणि पाण्याबरोबर हे वेळापत्रकही असते.

दुधाच्या गावांत चित्र इतके बिकट नाही, पण धागा तोच आहे. संगमनेर, राहाता, पारनेर, श्रीगोंद्याच्या घरांत सकाळी आणि संध्याकाळी धार काढणे, गोठा आवरणे आणि संकलन केंद्राची वेळ गाठणे या दोन वेळा अगदी ठरलेल्या असतात. मुलाच्या न्याहारीची वेळ पहिलीत आणि शाळेतून आल्यानंतरच्या भुकेची वेळ दुसरीत सापडते. आईचे हात गोठ्यात असतात, म्हणून मुलाच्या हातात पाच रुपये दिले जातात. दुकानातला पुडा लगेच मिळतो, खारट असतो, आणि रात्रीच्या जेवणाची भूक घालवतो. ज्या घरातून रोज वीस-तीस लिटर दूध बाहेर जाते, त्या घरातल्या मुलाच्या वाट्याला दूध चहातून येते, हे अनेक गावांत दिसते आणि ते बदलायला एक पेलाभर दूध पुरते.

शाळेची वेळही या गणितात येते. जिल्हा परिषदेच्या शाळा साधारण दहा-साडेदहाला भरतात, म्हणून घरची न्याहारी शक्य असते. शनिवारी आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, तेव्हा अनेक मुले उपाशीपोटी येतात. शहरातल्या खासगी शाळा तर वर्षभर सातला सुरू होत असत. शिक्षण विभागाने 8 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. मुलांची झोप हा त्यामागचा मुख्य विचार होता. न्याहारीला मिळालेला तास हा त्याचा न सांगितलेला फायदा आहे.

न्याहारीने वजनावर काय होते, याचा एक नेमका प्रयोग जमैकात झाला. तिथल्या ग्रामीण भागातल्या 16 शाळांमधील दुसरी ते पाचवीच्या आठशेहून अधिक मुलांना दोन गटांत विभागून एका गटाला शाळेच्या दिवसांत रोज न्याहारी दिली, दुसऱ्याला संत्र्याची एक फोड. 1998 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्याहारी मिळालेल्या मुलांची उंची आणि वजन थोडे अधिक वाढले, हजेरी सुधारली, आणि लहान वर्गांतल्या मुलांचे गणितही. फरक मोठा नव्हता, पण होता.

महाराष्ट्रात वेळेवर एक जेवण देण्याची यंत्रणा जुनी आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने देणारा आहार वर्षातले 300 दिवस मिळावा, असे माप अनेक वर्षे होते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या 1360 च्या गरजेपैकी हा साधारण तिसरा हिस्सा. उरलेले साडेआठशे घरूनच यायचे असतात. अनेक घरांत मात्र अंगणवाडीची खिचडी हीच दुपार मानली जाते आणि घरचे दुपारचे जेवण त्या दिवशी वगळले जाते; मग पूरक आहार पूरक राहत नाही. शाळेतल्या पोषण आहाराचेही तसेच. पाचवीपर्यंत 450 आणि पुढे आठवीपर्यंत 700 किलोकॅलरी हे त्याचे माप आहे, म्हणजे लहान वर्गांतल्या मुलाच्या दिवसाचा चौथा हिस्सा.

तीव्र कुपोषित मुलासाठीचे उपचार तर सगळेच्या सगळे वेळेवर उभे आहेत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी आढळले, तर मूल तीव्र कुपोषित धरतात. अशा मुलाला ग्राम बालविकास केंद्रात दाखल केले की दिवसाला एकदम जास्त अन्न वाढत नाहीत. थोडे थोडे, पण दर दोन-तीन तासांनी देतात. अंगणवाडीताई वेळ लिहून ठेवते, मदतनीस वाटी भरते, मूल किती घास खाते ते पाहिले जाते. अकोले तालुक्यात, राजूरच्या आदिवासी प्रकल्पाच्या गावांत, ठाकर आणि महादेव कोळी मुलांना अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळी मिळतात. अंडे दुपारच्या आधी मुलाच्या समोर खाऊ घातले तर ते त्याच्या पोटात जाते. घरी नेले तर चार भावंडांत वाटले जाते.

जामखेडचा अनुभव याहून जुना आणि जास्त शिकवणारा आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने 1970 मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी या भागात हजार जन्मांमागे 176 बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्न आणि पाण्याची होती. दुष्काळाच्या त्या वर्षांत गावागावांत मुलांसाठी सामूहिक स्वयंपाकघरे चालली. पुढे हे काम गावातल्याच, बहुतेक निरक्षर, बायकांनी हाती घेतले. त्या दर महिन्याला मुलांचे वजन करू लागल्या आणि घराघरांत जाऊन शेतावर जाण्याआधी, दुपारी आणि दिवस मावळायच्या आधी मुलाला काय द्यायचे ते सांगू लागल्या. शेतावर जाणाऱ्या बाईला शेतावर जाणाऱ्या बाईनेच सांगितले, म्हणून ते पटले. आरोळे दाम्पत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेड पाहायला जगभरातून लोक येऊ लागले.

वजनाची दुसरी बाजू अलीकडची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील 36.1 टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. त्याच्या चार-पाच वर्षे आधी तो आकडा 36.0 होता. त्याच काळात जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण 1.9 वरून 4.1 टक्क्यांवर गेले. म्हणजे बारीक मुले तेवढीच राहिली आणि जाड मुले दुपटीने वाढली. अहिल्यानगर शहरातल्या सावेडीसारख्या वस्तीत सकाळी दूध-बिस्किटावर निघालेले मूल शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी येते ते वडापाव किंवा चिप्सवर, आणि खरे जेवण रात्री साडेनऊ-दहाला, मोबाइलसमोर करते. दहा-साडेदहाला झोपल्यावर सकाळी भूक नसते. न्याहारी पुन्हा टळते आणि तेच चक्र दुसऱ्या दिवशी चालू राहते.

या चक्राने मूल लठ्ठ होते का, याचे उत्तर सरळ नाही, आणि ते सरळ असल्यासारखे सांगितले जाऊ नये. जर्मनीत बव्हेरियातल्या पाच-सहा वर्षांच्या 4370 मुलांची पाहणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसातून तीनदा किंवा त्याहून कमी वेळा खाणाऱ्या मुलांत लठ्ठपणा 4.2 टक्के होता, चारदा खाणाऱ्यांत 2.8 आणि पाचदा किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांत 1.7. कमी वेळा खाणारी मुले जास्त लठ्ठ, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. उलट लंडनच्या किंग्ज कॉलेजने ब्रिटनमधल्या चार ते अठरा वर्षांच्या 1620 मुलांची माहिती तपासली, तेव्हा रात्री आठनंतर जेवणाऱ्या मुलांत लठ्ठपणा जास्त आढळला नाही. दोन्ही पाहण्या एका वेळच्या आहेत. लठ्ठ मुले आधीच जेवण टाळत असतील, किंवा न्याहारी करणाऱ्या घरांत इतर सवयीही चांगल्या असतील, या शक्यता त्यांतून वगळता येत नाहीत. एवढे म्हणता येते, की नुसते घड्याळ मुलाला लठ्ठ करत नाही. लांब अंतरांनंतर येणारी खा-खा, ती भागवायला हाताशी असलेले तळलेले-गोड पदार्थ आणि कमी झोप या तिन्ही गोष्टी उशिराच्या जेवणाबरोबर येतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री दहाला जेवून सकाळी सहाला उठणाऱ्याला ती मिळत नाही, आणि कमी झोपणाऱ्या मुलांचे वजन वाढण्याकडे कल असतो, याचे पुरावे पुष्कळ आहेत.

बारीक आणि जाड मूल ही दोन वेगळी जगे आहेत असे समजण्याचेही कारण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता आणि बालकांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरले, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती; त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. अंगाने बारीक आणि आतून चरबीचे, असे हे शरीर पुढे जास्त गोड आणि जास्त तेलकट मिळाले की लवकर बिघडते. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या 2015 च्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली ओढलेली आहे. कोपीवर चहा-बिस्किटावर राहिलेले मूल पुढे शहरात चिप्सवर वाढले, तर कुपोषण आणि मधुमेह हे दोन्ही धोके त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतात.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत खाण्याच्या वेळांवर जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच कधी झाली असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी पोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत अनेक प्रौढांनी स्वीकारली. ती मुलांसाठी नाही. अठरा वर्षांखालील मुलांनी ती पाळू नये असे त्या पद्धतीतच सांगितले जाते. तरी आई-वडील दोन वेळा जेवू लागले की घरची चूलही दोनदाच पेटते, आणि मुलाची न्याहारी नकळत बाद होते. वाढत्या वयाच्या लठ्ठ मुलालाही उपाशी ठेवून बारीक करू नये. त्याचे वजन काही काळ स्थिर ठेवून उंची वाढू देणे हाच बहुतेक वेळा योग्य मार्ग असतो, आणि तो वेळेवरच्या साध्या जेवणातून जातो.

साध्या जेवणाला अहिल्यानगर जिल्ह्यात तोटा नाही. सकाळी चहाआधी दूध-भाकरी किंवा शिळ्या भाकरीचा तेल-कांदा घालून केलेला कुस्करा. दहाच्या सुमारास लहानग्याला मूठभर शेंगदाण्यांचे कूट गुळासोबत, कारण तीस ग्रॅम शेंगदाण्यांत दीडशेहून अधिक कॅलरी असतात आणि ते पोटात जागा फार अडवत नाहीत. दुपारी घट्ट वरण, मटकी किंवा हुलग्याचे शेंगोळे. शाळेतून आल्यावर पुड्याऐवजी एक अंडे, केळ किंवा भाकरी-पिठले. आणि रात्रीचे जेवण सात-साडेसातला, झोपण्याआधी दोन तास. अकोले तालुक्यात ज्वारीच्या जागी नागली आणि वरई येईल. सगळ्या घराचे जेवण सातला होणे शक्य नसेल, तर मुलाचे ताट तेवढे आधी वाढता येते. दुपारच्या भाजीतली वाटीभर भाजी झाकून ठेवली की त्यासाठी वेगळी चूल लागत नाही.

ऊसतोड कुटुंबाला मात्र हा सल्ला देऊन भागणार नाही. पहाटे तीनला उठणाऱ्या आईला सातला स्वयंपाक कर असे सांगणे अन्यायाचे आहे. स्थलांतरित मुलाला पोहोचल्या गावच्या अंगणवाडीतून आहार मिळू शकतो, पण कोप्या गावठाणापासून लांब असतात आणि आठ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन तिथवर रोज जाऊ शकत नाही. कोप्यांच्या तळावरच पाळणाघर हवे आणि तिथे सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला ताजे गरम जेवण हवे. हे काम कारखान्यांचे आणि शासनाचे आहे, आणि हंगाम सुरू होण्याआधी त्याची तयारी झाली पाहिजे.

वेळ चुकते आहे की नाही हे घरबसल्या कळत नाही, काट्यावर कळते. सहा वर्षांखालील मुलाचे वजन अंगणवाडीत दर महिन्याला मोफत होते. ते करून घ्यावे, तक्त्यावर टिंब पडताना स्वतः पाहावे, आणि लागोपाठ दोन महिने टिंब वर सरकले नाही तर मूल खेळते-हसते आहे म्हणून थांबू नये. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि जाताना त्याने आदल्या दिवशी काय खाल्ले याच्याबरोबर किती वाजता खाल्ले हेही लिहून न्यावे.